अंगावरचे चट्टे आणि नवे औषध
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी भाषण करणारी बाई नव्हे. सातवीपर्यंत शिकले, पुढे लग्न झाले, आणि त्यानंतर कागद हातात धरला तो वाण्याच्या यादीचाच. दर वर्धापनदिनाला माझे काम ठरलेले असते. पातेलेभर चहा उकळायचा आणि शेवटी सतरंज्या मोजून गुंडाळायच्या. यंदा अध्यक्षबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "आरोग्यावर बोलायला आपण दर वर्षी डॉक्टर आणतो. या वर्षी रोगी आणू." मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. तेव्हा उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या. माझी मुलगी फार्मसीला आहे. औषधांची नावे आणि सालांचे आकडे तिने या चिठ्ठीवर लिहून दिले आहेत, ते वाचून दाखवीन. बाकी सगळे माझे.

विषय माझ्या अंगाचा आहे. तुमच्यापैकी पुष्कळ जणींनी तो पाहिला आहे, पण मोठ्याने कुणी विचारला नाही. या रोगाचे नाव सोरायसिस.

2006 साली धाकट्याच्या बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी माझ्या डाव्या कोपरावर रुपयाएवढा लाल चट्टा उठला. त्यावर पांढरा कोंडा. खाजवले की पापुद्रे निघायचे आणि अभ्रकासारखे चमकायचे. सासूबाई म्हणाल्या, गजकर्ण असेल. गजकर्णाचे मलम आणले. चट्टा हटला तर नाहीच, उलट उजव्या कोपरावर त्याला भावंड आले. वर्षभरात गुडघे, कंबर, पाठ आणि केसांच्या खाली सगळे डोके. कुणी कडुनिंब सांगितला, कुणी गोमूत्र, आणि आपली सांगली म्हणजे हळदीची पेठ, तेव्हा हळद तर प्रत्येकीने सांगितली. सगळे लावून पाहिले. हळदीने एवढे झाले की चट्टे लालऐवजी पिवळे दिसू लागले आणि उशांचे अभ्रे कायमचे खराब झाले.

या रोगात दुखणे, खाजणे, फुटून रक्त येणे हे आहेच. पण बाईमाणसाला त्याहून जड जाते ते लपवणे. मे महिन्यात मी मनगटापर्यंत बाह्यांचे पोलके घालून चुलीपुढे उभी राहिले आहे. पहाटे घर जागे व्हायच्या आत अंथरूण झटकायचे, कारण रात्रीचा कोंडा सकाळच्या उजेडात कुणाला दिसू नये. काळे लुगडे तर ट्रंकेच्या तळाशीच गेले. काळ्यावर कोंडा दिसतो. संक्रांतीला तुम्ही सगळ्या काळ्या साड्या नेसून यायच्या आणि मी एकटी पांढऱ्या-पिवळ्यात. कुणी विचारले तर सांगायचे, मला काळा रंग सोसत नाही.

आता एक गोष्ट सांगते. रागाने सांगत नाही. 2016 च्या दिवाळीत मंडळाने फराळाची ऑर्डर घेतली होती. मी चकलीचे पीठ मळायला बसले. एका बाईंनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितले, "तुम्ही आज हिशेब लिहा. लोकांचे खाणे आहे, कुणी पाहिले तर बोलतील." मंडळात चार पदवीधर बाया असताना सातवी शिकलेल्या बाईला हिशेबाला का बसवतात, हे न कळण्याइतकी मी भोळी नव्हते. मी हिशेब लिहिला. तो चुकलाही. साठ रुपये कमी आले, ते घरून आणून भरले. त्या दिवाळीत मी घरी चकली केली नाही.

म्हणून पहिल्यांदा हेच सांगते, कारण नंतर चहाच्या गडबडीत कुणी ऐकणार नाही. हा रोग लागत नाही. हाताने लागत नाही, पिठातून लागत नाही, टॉवेलने नाही, एका अंथरुणाने नाही. आमच्या यांना वीस वर्षांत एक चट्टा आला नाही, यापेक्षा मोठा दाखला मी काय देऊ? पण घरचा दाखला पुरत नसेल तर चिठ्ठीत लिहिले आहे की जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने 2014 साली सगळ्या देशांसाठी ठराव केला, आणि त्यात सोरायसिस हा न पसरणारा, दीर्घकाळ चालणारा, वेदना देणारा आणि माणसाला अपंग करू शकणारा रोग आहे असे म्हटले. हे कोड नव्हे आणि महारोगही नव्हे. महारोगसुद्धा आता औषधाने पुरा बरा होतो, पण ते भाषण दुसरे कुणीतरी करावे.

आता माझी चूक. 2011 साली पाहुण्यांपैकी कुणी एका माणसाचा पत्ता दिला. तो पुड्या द्यायचा. रोज एक पुडी मधातून. आठ दिवसांत अंग आरशासारखे झाले. मी त्याच्या पाया पडले, अक्षरशः पडले. चार महिने पुड्या घेतल्या, तोंड सुजून गोल झाले, तरी मला वाटले अंगी लागले आहे. मग तो माणूस गाव सोडून गेला आणि पुड्या बंद झाल्या. तिसऱ्या आठवड्यात मी नखशिखांत लाल झाले. थंडी भरली, ताप चढला, अंगाची साल वाफवलेल्या बटाट्यासारखी सुटू लागली. अकरा दिवस रुग्णालयात होते. डॉक्टर म्हणाले, लक्षणे पाहता त्या पुड्यांत स्टेरॉइड असणार. ते पोटातून घेतले की सोरायसिस दबतो आणि एकदम बंद केले की दुप्पट जोराने उसळतो, कधी जिवावरही बेततो. पुडीवर काही लिहिलेले नव्हते. मीही विचारले नव्हते. चाळीस रुपयांची भाजी घेताना दहा वेळा उलटून पाहणारी मी!

तिथून मिरजेच्या डॉक्टरीणबाईंकडे आले, ती आजतागायत त्यांच्याकडेच आहे. त्यांनी पहिल्या दिवशी औषध दिलेच नाही. मला माझाच हात अंगावर ठेवायला लावला. म्हणाल्या, "आपला तळहात बोटांसकट म्हणजे आपल्या अंगाचा साधारण शंभरावा भाग. घरी जाऊन चट्टे तळहातांनी मोजा." मी मोजले, आणि पाठीचे यांच्याकडून मोजवले. अठरा तळहात भरले. दहांच्या वर गेले की रोग मध्यम ते तीव्र धरतात. त्यापेक्षा कमी असले तरी तोंडावर, तळव्यांवर, नाजूक जागी असले किंवा सांधे धरले असतील तर त्यालाही तीव्रच मानतात. थोड्या चट्ट्यांना मलमे पुरतात. जास्तीला एक खास उजेड असतो, त्याच्या पेटीत उभे राहायचे. तो उपचार चांगला आहे, पण आठवड्यातून तीनदा सांगलीहून मिरजेला जायचे तर घरी पोळ्या कोण लाटणार? पाच आठवड्यांत माझा धीर सुटला.

मग मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सुरू झाल्या. या गोळ्या आठवड्यातून एकच दिवस घ्यायच्या असतात. माझा वार शुक्रवार होता. मैत्रिणींनो, तुमच्या घरात कुणाला या गोळ्या असतील तर कॅलेंडरवर वार तांबड्या शाईने लिहा. चुकून रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. मला पाच वर्षे त्यांनी बरे ठेवले. अठराचे सहा-सात तळहात झाले. गोळी स्वस्त, जुनी आणि उपयोगी. पण 2017 साली रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले निघाले आणि ती बंद करावी लागली. सहा महिन्यांत सगळे चट्टे परत आले. येताना ते एकटे आले नाहीत. उजव्या हाताचे मधले बोट वांग्यासारखे सुजले आणि सकाळी मूठ मिटेना. डॉक्टरीणबाईंनी ते बोट पाहिले आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाल्या, "आता थांबून चालणार नाही. कातडी परत येते. सांधा एकदा झिजला की परत येत नाही."

त्या दिवशी त्यांनी मला नव्या इंजेक्शनांविषयी सांगितले. त्या पुष्कळ बोलल्या. मी घरी येताना बसमध्ये ते सगळे स्वयंपाकघरात मांडून पाहिले, तेव्हा कुठे समजले. तसेच तुम्हाला सांगते.

आपली कातडी खालून तयार होत वर येते. नवा थर वर यायला साधारण महिना लागतो आणि जुना नकळत झडतो. माझ्या चट्ट्यांत तोच थर तीन-चार दिवसांत वर येतो, म्हणजे कच्चाच. झडायला सवड नाही, म्हणून एकावर एक साचतो. तो कोंडा. हे का होते? अंगात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. त्या एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. माझ्या अंगात कारण नसताना निरोप जात राहतो.

लग्नघर समजा. माजघरातून एक पोऱ्या धावत येतो आणि ओरडतो, "पंगत बसली, पोळ्या वाढवा!" आचारी बिचारे लाटत सुटतात. पोऱ्या पुन्हा येतो, पुन्हा ओरडतो. मांडवात माणूस नाही, पण पोळ्यांचा ढीग छताला लागला, आणि घाईने त्या कच्च्याच निघाल्या. आता हे थांबवायचे कसे? जुनी औषधे, म्हणजे मेथोट्रेक्सेट किंवा सायक्लोस्पोरिन, सगळ्या स्वयंपाकघराचाच गॅस बारीक करतात. पोळ्या कमी होतात, पण भात-आमटीही अडते. नवी इंजेक्शने त्या एका पोऱ्यालाच दारात धरतात. बाकी घर चालू राहते.

या पोऱ्यांची नावे आहेत. एकाचे टीएनएफ, एकाचे इंटरल्यूकिन सतरा, एकाचे तेवीस. एकेक औषध एकेकाला धरते. अॅडालिमुमॅब पहिल्याला धरते, सेक्युकिनुमॅब सतराला, गुसेलकुमॅब तेवीसला. मला दिले ते सेक्युकिनुमॅब. नावाच्या शेवटी 'मॅब' आले की ते याच जातीचे, असे मुलगी सांगते.

ही अक्कल माणसाला कशी आली, तीही गंमत आहे. 1979 साली सांधेदुखीच्या काही रोग्यांना सायक्लोस्पोरिन देऊन पाहत होते. त्यांत ज्यांना सोरायसिस होता त्यांचे चट्टे मावळले. तोवर हा कातडीचाच रोग समजत. औषध तर लढणाऱ्या पेशींना आवरणारे होते, मग कातडी कशी सुधारली? तिथून कळत गेले की भांडण आतले आहे आणि कातडी नुसती मार खाते. आणि नेमक्या एकाच पोऱ्याला ओळखून धरणारी प्रथिने हवी तितकी बनवण्याची युक्ती त्याआधीच, 1975 साली, केंब्रिजमध्ये कोहलर आणि मिलस्टाइन या दोघांनी काढली होती. त्यांना 1984 चे नोबेल मिळाले. ही औषधे जिवंत पेशींकडून बनवून घेतात, म्हणून महाग, आणि म्हणूनच थंडीत जपावी लागतात. दह्याच्या विरजणासारखे नाजूक प्रकरण.

गुण किती येतो हे मी विचारले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माझ्या औषधाच्या मोठ्या चाचण्यांत बारा आठवड्यांनी दहांतल्या जवळजवळ आठ जणांचा रोग तीन-चतुर्थांशाहून अधिक उतरला. नुसते पाण्याचे इंजेक्शन दिलेल्यांत तेवढा उतार शंभरात पाच जणांना आला. मग मी विचारले, "म्हणजे बरी होणार?" त्यांनी मान हलवली. म्हणाल्या, "बरी नाही. स्वच्छ. औषध चालू आहे तोवर." मला त्यांचा तो शब्द आवडला नाही, पण पुडीवाल्याने "कायमचा बरा" म्हटले होते, हेही आठवले.

लगेच इंजेक्शन दिले नाही. आधी रक्त, यकृत, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, छातीचा फोटो आणि क्षयाची तपासणी. आपल्याकडे पुष्कळांच्या अंगात क्षयाचे जंतू झोपलेले असतात. देशात 2019 ते 2021 मध्ये पाहणी झाली, तीत पंधरा वर्षांवरच्या साधारण तिघांत एकाला अशी लागण निघाली. ते झोपलेलेच राहतात, कारण आपल्या पेशी त्यांना कोंडून ठेवतात. टीएनएफला धरणारी औषधे तो पहाराच ढिला करतात आणि क्षय जागा होतो. हे 2001 पासून माहीत आहे. माझ्या औषधात हे भय बरेच कमी आहे, पण तपासणी सगळ्यांतच करतात. आमच्या मामंजींना पूर्वी क्षय झाला होता. मी त्यांची सेवा केली होती. माझी तपासणी होकारार्थी निघाली. फोटो स्वच्छ होता, म्हणजे रोग नव्हता, नुसता जंतू होता.

घरी आले आणि रडले. मामंजींना जाऊन दहा वर्षे झाली होती. डॉक्टरीणबाईंनी आयसोनियाझिड सहा महिन्यांसाठी दिले आणि पहिला महिना पुरा झाल्यावरच इंजेक्शन धरले. मधून मधून यकृत तपासत राहिल्या. तुम्हाला कुणी हे इंजेक्शन क्षयाची तपासणी न करता द्यायला निघाला, तर पदर खोचा आणि उठून या.

आता पैशाचे. एका महिन्याच्या औषधाची किंमत आमच्या यांच्या महिन्याच्या पगाराहून जास्त होती. पहिल्या महिन्यात तर आठवड्या-आठवड्याला पाच वेळा, प्रत्येक वेळी दोन, आणि मग महिन्याला एकदा. विम्याचे कार्ड दाखवले तर उत्तर आले, रोगी खाटेवर नाही म्हणून पैसे नाहीत. कंपनीच्या सवलतीच्या योजनेत नाव घातले, तरी उरलेला आकडा मोठा. आमचे हे काही बोलले नाहीत. रात्री उठून बसलेले दिसायचे. मी म्हटले, मुलीच्या शिक्षणाचे ठेवलेले पैसे मोडायचे नाहीत, माझ्या पाटल्या मोडायच्या. पाटल्या मोडल्या. तरी कमी पडत होते.

त्या महिन्यात मंडळाची भिशी होती. चिठ्ठी काढायच्या आधीच एक बाई म्हणाल्या, "या वेळी चिठ्ठी काढू नका, पहिला नंबर यांना द्या." मला दाखवले. कुणी कारण विचारले नाही. ज्यांनी मला हिशेबाला बसवले होते, त्याच या बाई. मी त्यांच्याकडे पाहिले, त्या खाली पाहत होत्या. आजवर आम्ही दोघी या गोष्टीवर एक अक्षर बोललो नाही. आज मी बोलले, त्या रागावणार नाहीत, कारण काल रात्री त्यांना विचारून घेतले. आणि हो, त्या कोण, असे आता आजूबाजूला पाहू नका.

नोव्हेंबर 2018 मध्ये पहिले इंजेक्शन झाले. दुखले ते डास चावल्याएवढे. तिसऱ्या आठवड्यात अंथरूण झटकायला उठले तर झटकण्यासारखे काही नव्हते. मला वाटले यांनीच झटकले असेल. पाचव्या आठवड्यात बोटाची सूज उतरली आणि मी भाकरी थापली. पहिली फाटली, दुसरी जमली. जानेवारीत संक्रांत आली. ट्रंकेच्या तळाची चंद्रकळा काढली. तिला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, घड्यांवर पांढऱ्या रेघा पडल्या होत्या. आखूड बाह्यांचे पोलके घालून बारा वर्षांनी काळे नेसले. इथेच हळदीकुंकू होते. तुमच्यापैकी तिघी-चौघींनी "साडी छान आहे" म्हटले. त्यांना काही ठाऊक नव्हते, बरेच झाले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापूर आला. आमचे घर गावभागात, तळमजल्यावर. आयर्विन पुलापाशी पाणी 45 फुटांची धोक्याची रेषा ओलांडून वर चढत होते आणि वीज गेली होती. फ्रिजमध्ये त्या महिन्याच्या दोन कुप्या होत्या, दोन दिवसांपूर्वीच आणलेल्या. औषध दोन ते आठ अंशांत राहायला हवे, पण गोठताही कामा नये. उरलेला बर्फ मोठ्या थर्मासमध्ये भरला, कुप्या फडक्यात गुंडाळल्या, बर्फ थेट लागू नये म्हणून मध्ये आणखी एक पंचा, आणि थर्मास छातीशी धरून नावेत बसले. दागिने यांच्याकडे होते, ते मला आठवलेही नाहीत. नावेत शेजारच्या आळीतल्या एक म्हाताऱ्या आजी होत्या. भिजून कुडकुडत होत्या. थर्मासकडे पाहून म्हणाल्या, "सूनबाई, घोटभर चहा दे गं." काय सांगणार? म्हटले, "आजी, यात चहा नाही, बर्फ आहे." नावेतली सगळी माणसे माझ्याकडे पाहू लागली. पुरात बर्फ घेऊन निघालेली बाई! आजींना वाटले मी खोटे बोलते. त्यांनी तोंड फिरवले. त्यांना काठावर कुणीतरी चहा दिला असेल, पण माझ्या मनातून ते अजून गेलेले नाही.

मिरजेला धाकट्या बहिणीकडे पोचलो. तिथल्या एका औषधवाल्याने जनरेटरवरच्या फ्रिजमध्ये कुप्या ठेवून घेतल्या. डॉक्टरीणबाईंनी किती तास बाहेर होत्या, बर्फ शिल्लक होता का, सगळे विचारून मगच त्या वापरल्या. थंडीबाहेर किती वेळ चालते याचा प्रत्येक औषधाचा हिशेब वेगळा असतो, तो पाकिटातल्या कागदावर असतो. तो कागद फेकू नका.

2020 साली टाळेबंदीत तीन महिने इंजेक्शन चुकले. चट्टा परत आला, नेमका डाव्या कोपरावर, रुपयाएवढाच. जणू वहीत पान दुमडून ठेवले होते. पुन्हा सुरू केल्यावर गेला. 2021 मध्ये करोनाची लस डॉक्टरांना विचारून घेतली. जिवंत जंतूंच्या लसी मात्र या औषधांवर चालत नाहीत.

त्रास झाला का, तर झाला. एकदा तोंडात बुरशी येऊन पांढरे झाले, आमटीचा घास लागेना. गोळ्यांनी गेले. सर्दी थोडी जास्त होते. ज्यांना आतड्याचा क्रोन नावाचा रोग आहे त्यांना माझे औषध देत नाहीत, तो वाढू शकतो. आणि सगळी नवी औषधे साधुसंत असतात असेही नाही. एफालिझुमॅब नावाचे सोरायसिसचेच इंजेक्शन 2003 साली अमेरिकेत निघाले. काही रोग्यांच्या मेंदूत घातक संसर्ग झाला आणि 2009 मध्ये ते बाजारातून काढून घ्यावे लागले. मुलीने हे वाचून दाखवले त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी रागावल्या नाहीत असा आवाज काढून समजावले की माझे औषध वेगळ्या पोऱ्याला धरते. तरी ताप आला, खोकला पंधरा दिवस राहिला, वजन उतरले की मी लगेच कळवते.

खर्चाची वाट थोडी रुंद होत चालली आहे. अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने 2014 मध्ये अॅडालिमुमॅबची देशी आवृत्ती स्वस्तात काढली. बंगळूरच्या बायोकॉनने 2013 मध्ये इटोलिझुमॅब आणले, ते सलाइनमधून देतात. पोटात घ्यायच्या अॅप्रेमिलास्टच्या गोळ्याही आहेत, गुण इंजेक्शनापेक्षा कमी, पण खिसा इतका फाटत नाही. कुणाला काय, ते डॉक्टर ठरवतील. सगळ्यांना इंजेक्शन लागत नाही. माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या भावाला नुसत्या मलमावर आराम आहे.

मुलीला हा रोग होईल का, असे मला एका ठिकाणी विचारले. गेल्या वर्षी तिच्यासाठी एक स्थळ आले होते. मी खोटे बोलले नाही. म्हटले, आईला असला तर मुलांना होण्याची शक्यता इतरांहून जास्त असते, होईलच असे नाही. ते लोक पुन्हा आले नाहीत. मुलगी म्हणाली, "बरे झाले, आई. माझी परीक्षा आहे." ती हसत होती. मी नव्हते.

बरेच बोलले. चहाला उशीर झाला, आणि आज चहा दुसऱ्या कुणी टाकला असल्याने तो कसा झाला असेल ही काळजी आहे. कुणाला काही विचारायचे असेल, किंवा कुणाला कोपर दाखवायचे असेल, तर मी सतरंज्या गुंडाळून झाल्यावर मागच्या खोलीत थांबणार आहे. माझ्याजवळ औषध नाही, पण डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याची वेळ पाठ आहे, आणि येत्या शुक्रवारी दहाच्या बसने मी माझ्या इंजेक्शनासाठी मिरजेला जाणारच आहे. शेजारची जागा धरून ठेवीन.